हात परत येताना

"तुम्ही म्हणे काहीतरी बनवून त्याचं पेटंट घेतलंत. कसं करतात हो ते?" असा फोन मला अजूनही अधूनमधून येतो. दर वेळी तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं सलग लिहून काढते. मी संशोधक वगैरे नाही. बडोद्यात एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात नोकरी करते. दाब, तापमान, वजन मोजणारी उपकरणं बसवायची आणि ती खरं बोलताहेत ना यावर लक्ष ठेवायचं, हे रोजचं काम. बनवलं तेही लहानच आहे. व्यायामाच्या रबरी नळीला अडकवायचं एक हँडल. नळी किती जोरानं ओढली जाते आणि हात कसा फिरतो हे त्याला कळतं, आणि परत येताना नळी एकदम सोडून दिली की ते मुठीत थरथरतं. पिशवीत मावतं, भिंतीतल्या कडीला किंवा दाराला अडकवता येतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत माझ्या सासऱ्यांचा, नानांचा, उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी पिवळा आणि महिन्याभरानं लाल रबरी पट्टा दिला. ज्या कंपनीचे पट्टे आमच्याकडे आले, त्यांच्यात पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम असतो. (सगळ्या कंपन्यांचा क्रम हाच नसतो. दुसऱ्या कंपनीचा पट्टा आणायचा असेल तर रंगावर जाऊ नका, ओढून बघा.) नाना तरुणपणी दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणारे. त्यांना हा प्रकार म्हणजे पोरखेळ वाटला. "ह्याला का व्यायाम म्हणायचं? आम्ही जोर काढायचो," असं म्हणत ते पट्टा खसकन ओढायचे आणि खसकन सोडायचे.

मॅडम त्यांना म्हणाल्या, "काका, ओढता छान. पण परत येताना सोडून देता. निम्मा व्यायाम त्यातच आहे."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. स्नायू आखडताना काम करतो तसं लांबतानाही करतो, आणि भार सांभाळत हळूहळू परत येणं हा व्यायामाचा वेगळा, महत्त्वाचा भाग असतो. डंबेलचं वजन वर-खाली सारखंच राहतं. रबराचं तसं नाही. ते मूळ लांबीच्या किती पट ताणलंय यावर जोर ठरतो, म्हणून ओढण्याच्या शेवटी, जिथे दुखरा खांदा सगळ्यात कमकुवत असतो तिथेच, रबर सगळ्यात जोरात मागे खेचतं. माणूस कंटाळून सोडतो असं नाही, रबरच त्याच्या हातातून हालचाल हिसकावून घेतं. मॅडम आठवड्यातून दोनदा बघणार. बाकीचे दिवस कोण बघणार? आणि आकडा दाखवणारा ताणकाटा लावावा, तर तो किती ओढलं एवढंच सांगतो, कसं सोडलं ते सांगत नाही.

पहिला नमुना दीड हजाराच्या आत झाला. ज्यांना असं काही करून बघायचंय त्यांच्यासाठी तपशील देते. लोडसेल, म्हणजे ओढ किंवा वजन मोजणारा सेन्सर, वेगळा विकत न घेता प्रवासाच्या बॅगा उचलून वजन करायचा डिजिटल काटा आणला आणि उघडला. त्यात ५० किलोपर्यंतचा छोटा लोडसेल तयार मिळतो. लोडसेलमधून मिलिव्होल्टमध्ये सिग्नल येतो, तो वाचायला एचएक्स७११ ही २४ बिटांची चिप. हाताचा कोन आणि वेग कळायला एमपीयू-६०५०, ज्यात ॲक्सेलरोमीटर (झुकणं आणि हालचाल मोजणारा) आणि जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) एकत्र असतात. हे सगळं चालवायला ईएसपी३२ ही छोट्या संगणकासारखी चिप, त्यात ब्लूटूथ आहेच. थरथरायला जुन्या मोबाइलची मोटर.

एचएक्स७११ ची एक गोष्ट नवख्यांना छळते. ही चिप सेकंदाला १० किंवा ८० वेळा वाचन देऊ शकते, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार मॉड्यूलवर तिची वेगाची पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलेली असते, म्हणजे १० वरच अडकलेली. आपल्याला वजनकाटा करायचा असेल तर ठीक. पण नाना पट्टा अर्ध्या सेकंदात सोडतात. तेवढ्यात पाच वाचनं मिळणार, त्यावरून काय ठरवणार? ती पिन बारीक सोल्डरिंगनं सोडवून वीजपुरवठ्याला जोडली की ८० मिळतात. वाचनात गडबड थोडी वाढते, पण ती गाळता येते.

मापाच्या खात्रीसाठी खंडेराव मार्केटमधल्या आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याकडून तोलमाप खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजनं दुपारपुरती मागून आणली. पाच किलो टांगून हँडल सरळ धरलं की आकडा बरोबर, मनगट वाकवलं की तेच पाच किलो कमी-जास्त दिसायला लागायचे. पट्टीसारखा लोडसेल एकाच दिशेच्या ताणासाठी असतो, त्याला पीळ चालत नाही. आणि व्यायाम करणारा माणूस मनगट वाकवणारच. उपाय मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मिळाला. यंत्रांच्या दांड्यांना जोडतात तो रॉड-एंड, म्हणजे आत गोळा असलेलं बेअरिंग, लोडसेल आणि मूठ यांच्यामध्ये घातला. मूठ कशीही वळो, लोडसेलला फक्त सरळ ओढ मिळते. सगळा ताण घेणारा आतला कणा स्टीलचा करून हवा होता. लेथवाल्या भाईंनी चित्र बघितलं आणि विचारलं, "बेन, एकज पीस माटे?" एका नगासाठी कोणी मशीन लावत नाही. मग सहा नग सांगितले, प्रत्येकी सहाशे पडले. थ्रीडी प्रिंटचं प्लास्टिक मी फक्त बाहेरच्या कवचाला वापरलं. छापलेलं प्लास्टिक थरांच्या रेषेत फाटतं, आणि पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीत काय होईल ते सांगायला नको. कवच पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं केलं.

नळीबद्दल एक महत्त्वाची सूचना. लॅटेक्सची नळी हजार वेळा ताणली की कधीतरी तुटते, आणि तुटली तर तोंडावर येते. आतून सुरक्षा दोरी गेलेली नळी मिळते, तीच घ्या. दर वेळी अडकवण्याच्या जागी चिरा पडल्यात का ते बोटानं चाचपा.

खरा पेच होता सॉफ्टवेअरमध्ये. आधी सरळ नियम लावला होता. जोर सेकंदाला अमुक किलोपेक्षा वेगानं उतरला की थरथर. हलक्या पिवळ्या नळीत तेवढा जोर कधी येतच नसे, आणि जड निळ्या नळीत हँडल सतत थरथरायचं. प्रत्येक नळीची माहिती ॲपमध्ये भरायला लावणं मला मान्य नव्हतं. नाना ॲप उघडणार नाहीत हे मला माहीत आहे. शिवाय रबर जुनं झालं की तेच आकडे खोटे. म्हणून तुलना त्याच आवर्तनातल्या चढावाशी केली. ओढताना जोर कमाल पातळीला जायला जितका वेळ लागला, उतरताना निदान तितका, शक्य तर जास्त लागला पाहिजे. मग नळी कोणतीही असो, किती जुनी असो, हँडलला सांगावं लागत नाही.

दुसरा पेच जायरोचा. खांद्याचा जो व्यायाम नानांना दिला होता त्यात कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवायचा असतो, म्हणजे उभ्या अक्षाभोवतीचं फिरणं. वर-खाली झुकण्याचा कोन गुरुत्वाकर्षणाच्या आधारानं पुन:पुन्हा दुरुस्त करता येतो, उभ्या अक्षाभोवतीच्या कोनाला तसा काही आधार नसतो, आणि जायरो हळूहळू सरकत जातो. पाच मिनिटांत हात न हलवता काही अंश फिरल्याचं दाखवतो. लोक यासाठी चुंबकीय सेन्सर घालतात, पण लोखंडी कडीजवळ आणि स्टीलच्या कण्याशेजारी तो बिचारा काय सांगणार? शेवटी असं केलं की ज्या क्षणी नळीतला जोर सगळ्यात कमी होतो, म्हणजे हात मूळ जागी आलेला असतो, त्या क्षणी कोन शून्य धरायचा. एक आवर्तन पाच-सात सेकंदांचं, तेवढ्यात जायरो फारसा सरकत नाही. पुढच्या आवर्तनाला पाटी कोरी. उलट बाजूनं जायरोही लोडसेलच्या कामाला येतो. माणूस नुसता एक पाऊल भिंतीकडे सरकला तरी नळीतला जोर उतरतो, पण कोन बदलत नाही. म्हणजे हे 'सोडणं' नव्हे, थरथरायचं कारण नाही.

हे त्या वेळी मला फक्त एक जुगाड वाटलं होतं. पुढे पेटंट ऑफिसच्या हरकतीला उत्तर देताना सगळी भिस्त याच जुगाडावर आली.

२०२२ च्या दिवाळीत भाचा आला होता. त्यानं हँडल बघितलं आणि लगेच रील काढायला मोबाइल धरला. मी थांबवलं. तो दोन दिवस रुसला, पण हे सगळ्यात आधी सांगण्यासारखं आहे. अर्ज करण्याआधी तुमची कल्पना कुठेही जाहीर झाली, मग ती तुम्हीच जाहीर केलेली असो, तर ती नवीन उरत नाही. कायद्यात काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडली असेल तर १२ महिन्यांची सवलत, पण कॉलेजचं प्रोजेक्ट प्रदर्शन किंवा इन्स्टाग्राम त्यात बसत नाही. मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांच्याकडून साध्या कागदावर गुप्ततेचा करार सही करून घेतला. मागताना मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मात्र "बरं केलंत" म्हणून सही केली.

दुसरी गोष्ट नोकरीवाल्यांसाठी. नेमणुकीचं पत्र काढून वाचा. माझ्या पत्रात नोकरीच्या काळातल्या शोधांवर कंपनीचा हक्क असल्याचं एक कलम होतं. मी एचआरला लेखी कळवलं की हे काम घरी, स्वत:च्या खर्चानं, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेल्या विषयावर केलं आहे, आणि ना-हरकत पत्र मागितलं. काही आठवडे गेले, पण पत्र मिळालं. हे आधी करा. नंतर केलं तर हक्काचा वाद कागदावरच उभा राहतो.

मग शोध. ए६३बी हा पेटंटच्या वर्गीकरणात व्यायामाच्या साधनांचा वर्ग, त्यातला २१ हा गट प्रतिरोधाच्या साधनांचा आणि २४ हा विद्युत नियंत्रणाचा. गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास, पेटंटं शोधायच्या या तिन्ही साइट फुकट आहेत. पहिल्याच रात्री लोडसेल बसवलेली हँडलं सापडली. रबरी नळ्यांची, स्प्रिंगची, अमेरिकेतली, चीनमधली. इतकी की मी लॅपटॉप मिटून झोपायला गेले आणि आठवडाभर त्या खोलीत फिरकले नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी घाबरू नये. नुसतं शीर्षक आणि चित्र बघून निराश न होता दावे वाचावेत, म्हणजे शेवटी आकडे घालून लिहिलेली वाक्यं. हक्क फक्त तिथे असतो. दावे वाचत गेले तसं दिसलं की बहुतेकांनी जोर मोजून स्क्रीनवर दाखवलाय. परत येण्याबद्दल फारसं कोणी बोललेलं नाही.

मार्च २०२३ मध्ये तात्पुरता अर्ज भरला, ज्याला प्रोव्हिजनल म्हणतात. तो मी स्वत:च लिहिला. त्यात दावे लागत नाहीत, शोधाचं वर्णन आणि आकृत्या पुरतात, मात्र जे वर्णन केलं त्यालाच त्या तारखेचं संरक्षण मिळतं. म्हणून सुचलं ते सगळं लिहा, नळीऐवजी स्प्रिंग असेल तर काय हेसुद्धा. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. फॉर्म १ म्हणजे अर्ज, फॉर्म २ म्हणजे वर्णन. व्यक्तीनं ऑनलाइन भरला तर फी १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० दावे बसतात. ऑनलाइन भरायला क्लास ३ ची डिजिटल सही लागते. तिचं यूएसबी टोकन दोन वर्षांसाठी मला दोन हजारांच्या आसपास पडलं, आणि टोकनचं ड्रायव्हर लॅपटॉपवर चालवण्यात जो रविवार गेला त्याची किंमत वेगळी. शक्यतो विंडोजवाला साधा लॅपटॉप वापरा आणि पैसे भरायच्या पानावर 'मागे'चं बटण दाबू नका.

आकृत्यांचे नियम आधी वाचून ठेवा. ए४ कागद, वर आणि डावीकडे निदान ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर मोकळी जागा. भागांना फक्त क्रमांक द्यायचे, नावं नाहीत. माझ्यासारख्या ड्रॉइंगवर मापं टाकायची सवय असलेल्या माणसाला ते नागडं-उघडं वाटतं.

पैसे भरले की लगेच अर्ज क्रमांक येतो. गुजरात मुंबई शाखेच्या अखत्यारीत येतं, म्हणून वर्षानंतरचा आकडा २. मुंबईत अँटॉप हिलला असलेल्या पेटंट ऑफिसच्या इमारतीत मला एकदाही जावं लागलं नाही.

इथून १२ महिन्यांची मुदत सुरू होते. तेवढ्यात पूर्ण अर्ज गेला नाही तर तात्पुरता अर्ज सोडून दिला असं धरतात. माझं हे वर्ष मुख्यत: माणसांकडून हँडल वापरून घेण्यात गेलं. नानांनी जुम्मादादाच्या त्यांच्या जुन्या मित्रांना घरी बोलावलं. व्यायाम मंदिराचे नावाजलेले गुरू माणिकराव यांच्या परंपरेत वाढलेली ही सत्तरीतली मंडळी, मल्लखांब केलेली. त्यांनी हँडलला थरथरूच दिलं नाही. एक काका म्हणाले, "अगं, सोडताना दम लागतो तोच खरा. आम्हाला वस्ताद हेच शिकवायचे." उलट माझ्या ऑफिसातली तिशीतली मुलं मुठीत मधमाशी धरल्यासारखी दचकत होती. थरथर कमी केली, आणि पहिल्या तीन आवर्तनांत ती बंदच ठेवली, कारण तेवढ्यात माणूस नळीचा अंदाज घेत असतो.

बॅटरीचं छोटंसं. लिथियमचा सेल मागवला तर हवाईमार्गानं पाठवायला कुरिअरवाले कां-कूं करतात. जमिनीवरून यायला वेळ लागतो, तो हिशेबात धरा. आणि ईएसपी३२ ची चिप झोपेत अगदी नगण्य वीज घेते, पण तयार बोर्डवरचा दिवा आणि रेग्युलेटर जागेच असतात. बॅटरी रात्रीत उतरली तर चिपला दोष देऊ नका.

डिसेंबर २०२३ मध्ये अलकापुरीतल्या एका पेटंट एजंट बेनकडे गेले. तात्पुरता अर्ज स्वत: लिहिता येतो, दावे मात्र जाणत्या माणसाकडूनच लिहून घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची फी तीस हजार ठरली, हरकतींचं उत्तर वेगळं. फॉर्म २६ वर, म्हणजे त्यांना अधिकार देणाऱ्या कागदावर, स्टॅम्प लावून सही केली. बेननी माझं अर्ध्या तासाचं पुराण ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातला कोणता भाग काढला तर बाकीचा चालणार नाही?"

मी म्हटलं, रॉड-एंड. मग म्हटलं, तुलना करण्याची रीत. मग गप्प बसले. घरी येऊन एकेक भाग काढून बघितला, खरोखरीच, सोल्डर सोडवून. रॉड-एंड काढला तर माप बिघडतं, पण चालतं. जायरो काढला तर पाऊल सरकलं तरी थरथर. लोडसेल काढला तर जायरो वाहवत जातो. म्हणजे दोन सेन्सर एकमेकांना सावरताहेत, आणि हीच ती गोष्ट. दीड वर्ष मी ते यंत्र रोज हाताळत होते, पण हे वाक्य मला लिहिता आलं नसतं.

मॅडमची सूचना होती की 'खांद्याच्या उपचाराची पद्धत' असा एक दावा घालावा. बेननी तो काढला. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३-आय प्रमाणे माणसावरच्या उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. उपकरणाला मिळू शकतं. त्याच ओघात आणखी एक शहाणपण मिळालं. विकताना 'उपचार' असा दावा केला तर वस्तू वैद्यकीय उपकरण ठरू शकते, आणि मग २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम, परवाना, सगळं आलं. व्यायामाचं साधन म्हणून विकायचं असेल तर वेष्टनावर शब्द जपून वापरावे लागतात.

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, मुदतीच्या आत, पूर्ण अर्ज गेला. त्याबरोबर फॉर्म ५, म्हणजे शोध लावणारी मीच असल्याची घोषणा, आणि फॉर्म ३, म्हणजे परदेशातल्या अर्जांबद्दलचं निवेदन. गोषवारा १५० शब्दांच्या आत. तात्पुरत्या अर्जानंतरच्या या भरण्याला वेगळी फी नाही, पानं आणि दावे मर्यादेत असतील तर. आता एक गोष्ट जी फार जणींना माहीत नसते. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. साधी विनंती फॉर्म १८ वर, व्यक्तीला ४,००० रुपये. अर्जदार सगळ्या व्यक्तीच असतील (कंपनी वगैरे नाही) आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तर फॉर्म १८-ए वर जलद तपासणी मागता येते, ८,००० रुपयांत, ओळखीचा पुरावा जोडून. त्यासाठी अर्ज लवकर प्रसिद्ध व्हावा म्हणून फॉर्म ९, २,५०० रुपये. नाहीतर प्रसिद्धीलाच १८ महिने थांबावं लागतं. पेटंटचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. आमचा अर्ज महिन्याभरात त्यात दिसला. त्या संध्याकाळी भाच्याला फोन केला, "काढ तुझं रील."

जूनमध्ये तपासणीचा पहिला अहवाल आला, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. उघडताना हात गार पडले होते, आणि आत होतंही तसंच. नावीन्य नाही, कल्पकता नाही, तीन जुनी पेटंटं आधाराला. शिवाय कलम ३-एफ, म्हणजे ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारीशेजारी मांडल्या आहेत आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करते आहे. आणि ३-के, म्हणजे नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. बेन शांत होत्या. म्हणाल्या, "पहिला अहवाल बहुतेकांना असाच येतो. नकार नाही हा, प्रश्नपत्रिका आहे." उत्तराला सहा महिने मिळतात.

मला वाचून आधी राग आला आणि मग लक्षात आलं की परीक्षकानं बेनचाच प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारलाय. 'प्रत्येक आपापलं काम करते' हे माझ्या हँडलबाबत खरं नाही, पण आमच्या पहिल्या दाव्यात ते कुठे लिहिलं होतं? दाव्यात लोडसेल होता, जायरो होता, प्रोसेसर होता, असं सामानाच्या यादीसारखं. एकमेकांना सावरण्याचा भाग सातव्या दाव्यात होता. तो पहिल्यात आणायचा ठरलं. दावा अरुंद झाला, पण माझा झाला.

उत्तरासाठी एक साधी चाचणी केली. तीच नळी, तीच माणसं, एकदा दोन्ही सेन्सर एकमेकांशी बोलताना आणि एकदा आपापले. आलेख जोडायचे होते. ते काम ऑगस्टअखेर करायचं ठरवलं आणि विश्वामित्रीला पूर आला. बडोद्यात २०२४ चा तो आठवडा कोणी विसरणार नाही. आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. नाना, धान्याचे डबे आणि हँडलांचं खोकं, या क्रमानं वर गेलं. वीज परत यायला दिवस लागले, शेजारच्या कितीजणांच्या फ्रीज-गाद्या रस्त्यावर आल्या होत्या, आणि मी मनात मुदत मोजत होते याची मला लाजच वाटली. चाचणी सप्टेंबरात झाली. उत्तर महिन्याच्या शेवटी गेलं. त्याला सरकारी फी नाही, बेनची पंधरा हजार. सहा महिने पुरले नसते तर फी भरून आणखी तीन मागता येतात, हेही जाणून असावं.

जानेवारी २०२५ मध्ये सुनावणीची नोटीस आली. सुनावणी व्हिडिओवरच होते. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन बेनच्या ऑफिसात बसले. एकदोन प्रश्न तांत्रिक निघाले तेव्हा बेननी माझ्याकडे बघितलं, आणि मी हँडल कॅमेऱ्यासमोर धरून सांगितलं की जोर सगळ्यात कमी होतो तेव्हा कोन शून्य का धरतो. कंट्रोलरसाहेबांनी, म्हणजे निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांनी, शांतपणे ऐकून घेतलं आणि लेखी म्हणणं मागितलं. ते सुनावणीनंतर १५ दिवसांत द्यायचं असतं. जे तोंडी बोललात तेच आणि तेवढंच लिहा, नवीन मुद्दे काढू नका.

एप्रिलमध्ये मंजुरी आली. प्रमाणपत्र म्हणजे एक पीडीएफ. नानांनी ते मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून माझं नाव वाचलं आणि विचारलं, "आता हे विकत मिळणार का?"

त्याचं उत्तर अजून शोधते आहे, तर तेही सांगते, कारण लोकांना वाटतं पेटंट मिळालं की पैसे सुरू. सध्या फक्त जाताहेत. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी भरावी लागते, व्यक्तीला सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये. मंजुरीला दोन वर्षांहून जास्त लागली असतील तर मागची फी भरायला पेटंटची रजिस्टरमध्ये नोंद झाल्यापासून तीन महिने मिळतात. चार किंवा जास्त वर्षांची एकदम ऑनलाइन भरली तर दहा टक्के सूट आहे, ती मी घेतली. पेटंट वापरात आहे की नाही याचं निवेदन, फॉर्म २७, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचं असतं. ब्लूटूथ असल्यामुळे विक्रीआधी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची ईटीए ही उपकरण-मान्यता लागते. आधीच मान्यता असलेलं मॉड्यूल वापरलं तर काम सोपं होतं. म्हणून नवा बोर्ड तसाच मांडला.

कवचाच्या साच्यासाठी मकरपुऱ्यात तीन ठिकाणी भाव विचारले. सगळ्यात कमी आकडा अडीच लाखांचा. भाई म्हणाले, "बेन, हजार नगांची ऑर्डर असेल तर साचा, नाहीतर आपलं प्रिंटच बरं." तेव्हा सध्या पन्नास नग छापूनच करतेय. त्यातले वीस मॅडमच्या क्लिनिकात व्यायामासाठी जातील, फक्त 'व्यायामाचं साधन' एवढंच लिहिलेल्या खोक्यातून. कणे लेथवर लागलेत, बोर्ड पुढच्या आठवड्यात येतील असं दुकानदार म्हणतोय. तो तीन आठवडे हेच म्हणतोय.